चार रकाने आणि एक न लिहिलेली ओळ : अचानक आलेल्या लुळेपणाच्या तक्त्याचे टीकात्मक वाचन



प्रतिक्षेप, चाल आणि संवेदना यांची तपासणी कशी करतात हे तुम्ही आधीच्या घटकांत पाहिले आहे. हॅमर कसा धरायचा, कापसाचा बोळा कुठे लावायचा, रुग्णाला टाचेला चवडा लावून सरळ रेषेत का चालवायचे, हे पुन्हा सांगत नाही. या घटकात आपण फक्त एक तक्ता वाचणार आहोत. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसा तो वाचायचा आहे : त्यात काय आहे, काय नाही, आणि जे नाही ते कोणाच्या पायावर बेतते.

तक्ता बहुतेकांच्या ओळखीचा असेल. 'अ‍ॅक्यूट फ्लॅसिड पॅरालिसिस', म्हणजे अचानक आलेला लुळेपणा, या विषयावरच्या पुस्तिकांत तो हमखास असतो आणि तोंडी परीक्षेत हमखास विचारला जातो. वर चार रकाने आहेत. पहिला पोलिओचा. दुसरा गुलेन-बॅरी सिंड्रोमचा, ज्याला आपण जीबीएस म्हणतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात त्याचा उद्रेक झाला आणि हे नाव मराठी घराघरांत पोचले. तिसरा रकाना ट्रॉमॅटिक न्यूरायटिसचा, म्हणजे बहुतेक वेळा कमरेत दिलेल्या इंजेक्शनने सायटिक नसेला झालेल्या इजेचा. चौथा ट्रान्सव्हर्स मायलायटिसचा, म्हणजे मज्जारज्जूला आलेल्या आडव्या दाहाचा. डाव्या बाजूला ओळी : लुळेपणा किती वेळात पूर्ण झाला, ताप होता का, तो एका बाजूचा की दोन्ही, स्नायूंचा टोन, प्रतिक्षेप, संवेदना, मेंदूतून निघणाऱ्या नसा, श्वास, मूत्राशय, पाठीतले पाणी, नसांची विद्युत तपासणी आणि शेवटी मागे काय उरते.

चार रोग, डझनभर ओळी, एक पान. इतक्या कमी जागेत इतके मांडणे सोपे नाही. एका लक्षणाने निदान होत नाही, लक्षणांची जुळणी वाचावी लागते, हे विद्यार्थ्याला दाखवणारे यासारखे दुसरे पान मला माहीत नाही. हे आधी मान्य करून पुढे जाऊ.

१. तक्ता कुठला आणि कशासाठी

त्याची मुळे लॅटिन अमेरिकेत आहेत. तिथल्या पोलिओ निर्मूलन मोहिमेत प्रश्न असा पडला की लुळे पडलेले प्रत्येक मूल पोलिओचे नसते, मग वेगळे कसे काढायचे? १९९३ मध्ये आल्काला यांनी मेक्सिकोतल्या एका बालरुग्णालयाच्या नियतकालिकात या फरकावर स्पॅनिशमध्ये लेख लिहिला. त्या मांडणीचा तक्ता पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकांत आला आणि तिथून आपल्याकडे.

आपल्याकडे म्हणजे आधी दिल्लीत. २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्ली राज्याने तीन वर्षांखालील सगळ्या मुलांना एकाच दिवशी पोलिओचे थेंब दिले. पुढच्या वर्षी तीच पल्स पोलिओ मोहीम देशभर गेली. १९९७ मध्ये राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला आणि त्याचा कारभार दिल्लीतून चालू लागला. जिल्ह्याजिल्ह्यांत डॉक्टर नेमले गेले. त्यांचे काम होते पंधरा वर्षांखालचे अचानक लुळे पडलेले प्रत्येक मूल शोधणे, आणि लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्याच्या शौचाचे दोन नमुने किमान चोवीस तासांच्या अंतराने घेणे. डॉक्टरांचे निदान काहीही असो, नमुने घ्यायचेच.

हे शेवटचे वाक्य नीट लक्षात घ्या. 'हे तर जीबीएस दिसतेय, कळवायची गरज नाही' असे म्हणायला या व्यवस्थेत कोणालाही मुभा नव्हती, आजही नाही. तक्ता सांगतो, फरक करा. सर्वेक्षणाची व्याख्या सांगते, फरक करू नका, आधी कळवा. दोन्ही एकाच पुस्तिकेत शेजारी छापलेले असतात, आणि हा विरोध पुस्तिकेतून आपणहून विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही.

व्याख्येने आपले काम चोख केले. दिल्लीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या अलीगढमध्ये १९९९ मध्ये सापडलेला टाइप २ चा मूळ विषाणू जगातला त्या प्रकारचा शेवटचा ठरला. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये एकच, हावडा जिल्ह्यातला. २७ मार्च २०१४ रोजी दिल्लीत आपल्या संपूर्ण विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. हे यश हॅमरचे नाही. व्याख्येने हॅमरवर विश्वास ठेवला नाही म्हणून ते मिळाले : शंका आली की नमुना, आणि निकाल प्रयोगशाळेचा. सर्वेक्षणाच्या कामात तक्ता ढोबळ असला तरी कोणाचे काही बिघडत नव्हते, कारण शेवटचा शब्द त्याचा नव्हताच.

वर्गात मात्र उलटे झाले. व्याख्या विसरली गेली आणि तक्ता पाठ झाला. आज तुम्ही ज्या मुलाला तपासाल त्याच्या शौचात बहुधा पोलिओचा विषाणू सापडणार नाही. मग प्रयोगशाळा म्हणेल 'पोलिओ नाही' आणि थांबेल. त्या मुलाला काय झाले आहे हे ती सांगणार नाही. ते तुम्हालाच, तुमच्या हातांनी आणि डोळ्यांनी शोधावे लागेल, आणि तिथे तक्त्याचा ढोबळपणा महाग पडतो.

२. 'कमी किंवा नाही'

प्रतिक्षेपांची ओळ वाचा. पोलिओ : कमी किंवा नाही. जीबीएस : सगळीकडे नाही. इंजेक्शनची इजा : कमी किंवा नाही. मायलायटिस : सुरुवातीला नाही, नंतर वाढलेला.

पहिला आणि तिसरा चौकोन शब्दशः सारखा आहे. म्हणजे ज्या दोन रोगांत खेड्यातला किंवा वस्तीतला डॉक्टर सर्वांत जास्त गोंधळतो, एकच पाय लुळा, ताप येऊन गेलेला, वेदना आहेत, तिथेच ही ओळ गप्प बसते. हे टाळता येणारे होते. प्रश्न फक्त 'आहे की नाही' असा विचारला म्हणून उत्तर सारखे आले. 'कोणता?' असे विचारले असते तर उत्तर वेगळे निघाले असते.

शरीररचना आठवा. गुडघ्याचा प्रतिक्षेप, वॉर्डात ज्याला सगळे 'नी जर्क' म्हणतात, तो मांडीच्या पुढच्या फिमोरल नसेतून जातो. मज्जारज्जूची कमरेची दुसरी ते चौथी पातळी त्याच्यामागे असते. घोट्याचा प्रतिक्षेप, 'अँकल जर्क', सायटिक नसेतून जातो आणि त्याची पातळी सेक्रल पहिली. कमरेत चुकीच्या जागी दिलेले इंजेक्शन सायटिक नसेलाच गाठते, फिमोरल नसेपर्यंत ते पोचत नाही. त्यामुळे इंजेक्शनच्या इजेत नी जर्क शाबूत असायला हवा. पाऊल पडते, घोट्याचा प्रतिक्षेप जाऊ शकतो, गुडघ्याचा मात्र येतो. पोलिओत मांडीचा पुढचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, वारंवार सापडतो आणि नी जर्क जातो. नी जर्क गेलेला आणि अँकल जर्क राहिलेला, अशा मुलाला 'इंजेक्शनमुळे झाले' म्हणून घरी पाठवणे शरीररचनेच्या विरुद्ध आहे, मग घरच्यांनी इंजेक्शनची हकिगत कितीही ठामपणे सांगितली तरी.

आणखी एक बारकावा. सायटिक नस आतून दोन भागांची असते, आणि इंजेक्शनने जास्त वेळा बाहेरचा, पेरोनिअल भाग दुखावतो. दुखापत तेवढीच असेल तर अँकल जर्कही येतो. फक्त पाऊल वर उचलत नाही. म्हणजे 'कमी किंवा नाही' हा चौकोन काही मुलांच्या बाबतीत सरळसरळ चुकीचा आहे. सगळे प्रतिक्षेप व्यवस्थित आले म्हणून तक्ता पाठ असलेला विद्यार्थी 'नसेची इजा नाही' असे लिहून मोकळा होईल.

दुसरी उणीव वेळेची. मायलायटिसच्या चौकोनात तरी 'सुरुवातीला' आणि 'नंतर' आहे. त्याचे श्रेय द्यायला हवे. मज्जारज्जूवर अचानक आघात झाला की काही दिवस, कधी काही आठवडे, खालचे सगळे प्रतिक्षेप नाहीसे होतात. याला स्पायनल शॉक म्हणतात. पायांत ताठरपणा नंतर येतो. पण पोलिओच्या चौकोनातही काळ असायला हवा होता. लुळेपणा येण्याच्या आधीच्या अवस्थेत, ताप आणि पाठदुखी चालू असताना, प्रतिक्षेप उलट जोरात येऊ शकतात आणि मग मावळतात. जीबीएसमध्ये बहुतेकांचे प्रतिक्षेप लवकर जातात, ताकद अजून बरी असलेल्या हातांतलेही. पण काही रुग्णांत पहिले काही दिवस ते टिकून असतात. म्हणून केसपेपरवर नुसते 'प्रतिक्षेप नाहीत' लिहिण्याला अर्थ नाही. 'उजवा नी जर्क नाही, अँकल जर्क दोन्हीकडे येतो, लुळेपणाचा तिसरा दिवस' असे लिहा. शून्य ते चार अशी जी श्रेणी आपण वापरतो तीही शेजारी डाव्या-उजव्याची तुलना असेल तरच बोलते. एकाच माणसाचे दोन्ही गुडघे 'एक' असतील तर तो निरोगी असू शकतो. एक गुडघा 'एक' आणि दुसरा 'दोन' असेल तर विचार करायला हवा.

(जाता जाता : नी जर्कची नोंद एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी १८७५ मध्ये स्वतंत्रपणे, एकाच नियतकालिकात छापली. दोन माणसांना एकाच वेळी दिसलेल्या या साध्या खुणेला दीडशे वर्षे झाली, तरी ती नीट काढणारा विद्यार्थी अजून विरळाच.)

लहान मुलात ती काढणे कठीण असते, हे खरे. रडणारे मूल पाय ताणून धरते. दातओठ खा, हातांची बोटे एकमेकांत अडकवून ओढ, ही मोठ्यांची युक्ती दोन वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही. त्याला आईच्या मांडीवर बसवा, पाय लोंबकळू द्या, आईचे बोट किंवा चेंडू घट्ट पकडायला द्या, आणि कंडरेवर स्वतःचे बोट ठेवून त्या बोटावर हॅमर मारा. तळपायाचा बाबिन्स्की प्रतिक्षेप मात्र एक-दीड वर्षाच्या आतल्या मुलात निदानाला घेऊ नका. त्या वयात अंगठा वर जाणे स्वाभाविक असू शकते.

३. संवेदनेची ओळ

पोलिओच्या रकान्यात लिहिले आहे : स्नायूंत आणि पाठीत तीव्र वेदना, संवेदनेत बदल नाही. हे अगदी अचूक आहे, आणि पोलिओचा विषाणू मज्जारज्जूच्या पुढच्या शृंगातल्या चालक पेशी मारतो, संवेदनेच्या वाटा सोडतो, हे ठाऊक असेल तर पाठही करावे लागत नाही.

अडचण तपासणीत आहे. टाचणी टोचली आणि मुलाने पाय ओढला नाही, की विद्यार्थी लिहितो 'संवेदना नाही'. अहो, पाय लुळा आहे! ओढणार कसा? लुळ्या पायाची संवेदना पायाकडे बघून कळत नाही, चेहऱ्याकडे बघून कळते. टाचणी लावताना तुमचे डोळे मुलाच्या तोंडावर हवेत : ओठ वाकडे झाले, रडणे बदलले, आईकडे वळले, म्हणजे संवेदना पोचली. हा एक नियम तक्त्याच्या तळटिपेत दिला असता तर कितीतरी मुले चुकीच्या रकान्यात गेली नसती. टाचणी बोथट असावी, आणि पोट-पाठीवर खालून वर जावे, कारण मायलायटिसमध्ये शोधायची असते ती पातळी, जिथे चेहरा अचानक बदलतो ती रेघ. त्याच वेळी ओटीपोटावर हात ठेवा. भरलेले, टणक मूत्राशय आणि थेंबथेंब गळणारी लघवी हीसुद्धा संवेदनेच्या ओळीचीच साक्ष असते, तक्त्यात ती काही ओळी खाली असली तरी.

इंजेक्शनच्या इजेच्या चौकोनात 'कमरेत वेदना, पाय थंड' असे असते. पाय थंड पडणे ही संवेदना नाही. संवेदनेच्या ओळीत ते का बसवले, मला समजत नाही. जे हवे होते ते नाही : नडगीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलावर बधिरपणा, तर नडगीच्या आतल्या बाजूला संवेदना शाबूत, कारण ती बाजू फिमोरल नसेची शाखा सांभाळते. नी जर्कवाला युक्तिवाद इथे त्वचेवर पुन्हा भेटतो.

जीबीएसच्या चौकोनावर माझा आक्षेप जास्त गंभीर आहे. तिथे हातापायांत मुंग्या, तळवे-तळपाय बधिर असे दिले आहे. जीबीएसच्या एका प्रकाराला ते लागू पडते. पण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर चीनमधल्या मुलांवर काम करणाऱ्या संशोधकांनी असा जीबीएस दाखवला ज्यात फक्त चालक तंतू जातात आणि संवेदना जवळजवळ पूर्ण शाबूत राहते. आतड्यातल्या कॅम्पायलोबॅक्टर जंतूशी त्याचा जवळचा संबंध आहे. पुण्याच्या उद्रेकातही काही रुग्णांच्या शौचात हाच जंतू सापडला. म्हणजे ज्या प्रकाराची शक्यता आपल्या भागात गंभीरपणे धरायला हवी, त्याची संवेदनेची तपासणी तक्त्याच्या पोलिओच्या चौकोनात बसते. तेव्हा वेगळेपण शोधायचे दोन्ही बाजूंच्या सारखेपणात आणि चेहऱ्याच्या स्नायूंत. आणि श्वासात : थोड्या मोठ्या मुलाला एका श्वासात अंक मोजायला सांगा, सकाळी किती आले आणि संध्याकाळी किती. जीबीएसच्या साधारण चार-पाच रुग्णांत एकाला व्हेंटिलेटर लागतो, आणि तो लागण्याच्या आधी हॅमर काहीच सूचना देत नाही.

भाषेचाही एक मुद्दा, दिल्ली-गाझियाबाद-फरिदाबादकडे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी विशेष. तिथले पालक म्हणतात, 'पैर सुन्न पड़ गया'. शब्दाचा अर्थ बधिर. पण सांगणाऱ्याच्या मनात अनेकदा 'हलत नाही' एवढेच असते. आपल्याकडेही 'पाय गेला', 'पाय बधिरला' यांची अशीच सरमिसळ होते. मुंग्या येतात का, चपला निसटल्या तरी कळत नाही का, गरम फरशी जाणवते का, असे वेगवेगळे विचारा. पालकांचा शब्द जसाच्या तसा 'संवेदना' या शीर्षकाखाली उतरवू नका.

४. न लिहिलेली ओळ

आता जे नाही त्याकडे. तक्त्यात चाल नाही. डझनभर ओळींत एकही नाही.

यामागचे कारण समजू शकते. तीव्र अवस्थेत मूल झोपून असते, चालतच नाही, मग चालीची ओळ कशाला? शिवाय चाल चौकोनात मावत नाही. टोन 'कमी' असतो, चाल 'कमी' नसते. पण तक्त्याचा शेवट 'तीन महिने ते एक वर्षानंतर काय उरते' या ओळीवर होतो, आणि तिथेही स्नायू वाळणे, हाडांची विकृती, एवढेच आहे. मूल तोवर पुन्हा उठून चालू लागलेले असते, किंवा चालू शकत नसते. ते कसे चालते हे सर्वांत बोलके लक्षण वगळले गेले आहे. सर्वेक्षणातही साठ दिवसांनी मुलाला पुन्हा तपासायची सोय होती, विशेषतः ज्यांचे नमुने पुरेसे नव्हते त्यांच्यासाठी. पण विचारायचा प्रश्न होता 'दुर्बलता उरली आहे का'. उत्तर हो किंवा नाही.

चाल काय सांगते ते पाहा. क्वाड्रिसेप्स गेलेले मूल चालताना प्रत्येक पावलाला हाताने मांडी दाबते, कारण गुडघा दुमडून ते पडेल; हाताने ते गुडघ्याला कुलूप लावते. पाऊल पडलेले मूल पाय उंच उचलते आणि पाऊल जमिनीवर आपटते. त्याच्या चपलेचे टोक आधी झिजते. पोटरी गेलेली असेल तर टाचेवर भार येतो आणि पुढे ढकलण्याचा जोर नसतो. कमरेच्या बाजूचा स्नायू, ग्लुटिअस मीडिअस, कमजोर असेल तर त्या पायावर भार येताच धड त्याच बाजूला झुकते आणि विरुद्ध बाजूची कंबर खाली पडते. यातली पहिली खूण पोलिओकडे बोट दाखवते, दुसरी एकाच पायात आणि एकटीच असेल तर सायटिक नसेकडे. दोन्ही पावले सारखीच आपटत असतील तर बरे होत असलेला जीबीएस मनात आणा. ताठ, एकमेकांत अडकणारे पाय, कात्रीसारखी चाल, हे मायलायटिसच्या उशिराच्या अवस्थेचे. म्हणजे चार रकाने चालीत जितके स्वच्छ वेगळे होतात तितके प्रतिक्षेपांच्या ओळीत होत नाहीत. आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही, दहा पावलांचा मोकळा रस्ता लागतो. गर्दीच्या सरकारी ओपीडीत तोही मिळत नाही, हे खरे. मग मूल दारातून आत येताना बघा, केसपेपर वाचत बसू नका.

तक्ता संपतो त्यानंतरची चाल कशी असते हे दिल्लीत तीस हजारीच्या सेंट स्टीफन्स रुग्णालयातल्या पोलिओ वॉर्डाने वर्षानुवर्षे पाहिले. अस्थिशल्यचिकित्सक डॉ. मॅथ्यू वर्गीस यांच्या देखरेखीखालच्या या वॉर्डात आलेले रुग्ण नव्याने लुळे पडलेले नव्हते. लहानपणी पोलिओ होऊन गेलेली, आता मोठी झालेली मुले-मुली होती : गुडघे वाकून आखडलेले, पाऊल वळलेले, काही हातांवर रांगत येणारे. शस्त्रक्रिया आणि कॅलिपर यांनी त्यांना उभे करायचे, हे तिथले काम. 'उरलेली दुर्बलता : आहे' या एका शब्दात दडलेले आयुष्य काय असते ते अशा वॉर्डात कळते. सांधा आखडू नये म्हणून पहिल्या आठवड्यांत पाय कसा ठेवायचा, कोणते स्नायू वाचले आहेत त्यांना कधी वापरायला लावायचे, हे ठरवण्यासाठी चाल आणि स्नायूंची बारकाईने नोंद लागते. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. तक्ता तुमच्यासाठी लिहिलेलाच नव्हता.

५. रकान्यांबाहेरची मुले

चार रकाने म्हणजे चारच शक्यता, असा समज तक्ता नकळत करून देतो. दिल्ली परिसरातच याचा प्रतिवाद आहे. किंग्जवे कॅम्पजवळच्या महर्षी वाल्मीकी संसर्गजन्य रोग रुग्णालयात आसपासच्या राज्यांतून घटसर्पाची मुले येतात; २०१८ मध्ये तिथे घटसर्पाने अनेक मुले दगावली. घटसर्पातून वाचलेल्या मुलात काही आठवड्यांनी नसा दुखावतात : आधी टाळू, पाणी नाकातून येते, आवाज घोगरा होतो, मग हातपाय, आणि प्रतिक्षेप जातात. तक्त्यात याला रकाना नाही. रक्तातले पोटॅशियम कमी होऊन रातोरात येणाऱ्या लुळेपणालाही नाही, आणि त्याचे निदान तर एका साध्या रक्ततपासणीत होते. उलट पोलिओच्या रकान्यात बसतील अशी मुले पोलिओची नसतीलही. २०१४ मध्ये अमेरिकेत एन्टेरोव्हायरस डी ६८ च्या साथीबरोबर मुलांत जो लुळेपणा दिसला, तो एका बाजूचा, प्रतिक्षेप गेलेला, संवेदना बऱ्याच अंशी राहिलेला असाच होता.

आणि इंजेक्शनची हकिगत. तक्ता तिला तिसऱ्या रकान्याचे ओळखपत्र समजतो. पण ताप आलेल्या मुलाला वस्तीतला डॉक्टर इंजेक्शन देतो, हा आपल्याकडचा रिवाज. तो ताप पोलिओचा असेल तर हकिगत दोन्ही रकान्यांत बसते. त्याहून वाईट म्हणजे शरीरात पोलिओचा विषाणू असताना स्नायूत दिलेले इंजेक्शन त्याच पायात लुळेपणा ओढवू शकते, हे जुने, मान्य निरीक्षण आहे. म्हणजे इंजेक्शन दिलेल्याच पायात, इंजेक्शननंतरच लुळेपणा आला आणि तरीही तो पोलिओ आहे, असे घडू शकते. रकान्यांमधल्या उभ्या रेघा इथे पुसल्या जातात.

स्वाध्याय

गाझियाबादहून आणलेला चार वर्षांचा मुलगा. पाच दिवसांपूर्वी ताप, दुसऱ्या दिवशी उजव्या कमरेत इंजेक्शन, त्यानंतर दोन दिवसांनी उजवा पाय लुळा. आई सांगते, 'पैर सुन्न है'. उजवी मांडी नुसती धरली तरी तो किंचाळतो. उजवा नी जर्क येत नाही, डावा येतो. अँकल जर्क दोन्हीकडे येतो. उजव्या पावलावर टाचणी लावल्यावर पाय हलत नाही, पण मुलगा आईच्या कुशीत तोंड लपवून रडतो. लघवी व्यवस्थित होते.

अ) निदानाचा विचार करण्याआधी तुम्ही कोणाला कळवाल, आणि कोणते नमुने किती दिवसांच्या आत घ्याल?

आ) इंजेक्शनच्या इजेविरुद्ध जाणारे दोन पुरावे शरीररचनेच्या आधारे मांडा. उत्तरात 'कमी किंवा नाही' हे शब्द वापरू नका.

इ) साठ दिवसांनी हा मुलगा दारातून चालत आत येतो. कोणती चाल दिसेल असे तुम्हाला वाटते? आणि ती न दिसता दुसरी दिसली, तर वरचे कोणते निरीक्षण तुम्ही पुन्हा तपासाल?